उदमांजराच्या पणजोबांचं पान

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता.

तुम्ही लगेच विचाराल, सिंह नेहमी राज्यच का करतो? कारण मुलांनो, त्याला दुसरं काही येत नव्हतं. शिकार त्याची बायको करायची. पाऊस आपला आपण पडायचा. झाडं न सांगता वाढायची. मग उरलं काय? राज्य. ते तो मन लावून करायचा.

एकदा शेजारच्या जंगलातल्या वाघाकडे बारसं होतं. सिंह आहेर घेऊन गेला. जेवणं झाली. मग वाघानं पाहुण्यांना एका लांबलचक कातळापाशी नेलं. कातळावर पंज्याचे ओरखडे होते, एकाखाली एक.

"हा आमच्या वडिलांचा पंजा," वाघ म्हणाला. "हा आजोबांचा. हा पणजोबांचा. आणि हा अगदी पुसट दिसतोय ना, तो खापरपणजोबांचा." मग त्यानं अगदी सहज विचारलं, "आपले पणजोबा कोण, महाराज?"

सिंहाला खोकला आला.

वाघिणीनं पाणी आणून दिलं. पण घशात काही अडकलंच नव्हतं, तर ते पाण्यानं उतरणार कसं? सिंहाला वडील चांगले आठवत होते. आजोबांची मिशी अंधूक आठवत होती. त्याच्या पलीकडे नुसतं गवत होतं.

आता मला सांगा, मोठ्या माणसाला स्वतःची लाज वाटली की तो काय करतो? बरोबर. तो इतरांसाठी नियम काढतो.

दुसऱ्याच दिवशी सिंहानं दरबार भरवला. त्याचा प्रधान होता एक तरस. या तरसाला हसायची सवय होती. महाराज काहीही बोलले की तो आधी हसायचा, मग "वा!" म्हणायचा, आणि मग काय झालं ते शेजाऱ्याला विचारायचा.

सिंह म्हणाला, "आपल्या जंगलात कोण कुणाचा, काही पत्ता नाही. हे शोभत नाही. ज्याच्या पणजोबांची नोंद जंगलाच्या दफ्तरात सापडेल, त्यानंच आपल्या झाडावर, बिळात किंवा ढोलीत राहावं. बाकीच्यांनी ओढ्यापलीकडच्या माळावर जावं. मुदत पळस फुलेपर्यंत."

"ही ही ही! वा!" तरस म्हणाला.

ओढ्यापलीकडचा माळ तुम्ही पाहिलेला नाही. तिथं कुसळं होती आणि एक बाभूळ होती. बाभळीला सावली होती, पण ती तिच्या स्वतःपुरती.

"आणि महाराजांचं पान?" मागून कुणीतरी विचारलं. कोण ते कळलं नाही, कारण विचारून तो लगेच दुसऱ्याच्या मागे लपला.

"राजाचा पणजोबा राजाच असणार!" तरस म्हणाला. "त्याला कागद कशाला?"

"तेच म्हणतो मी," सिंह म्हणाला आणि त्यानं दरबार जरा लवकरच उठवला.

त्याच जंगलात एक जुना उंबर होता. त्याच्या ढोलीत राणोजी नावाचं एक उदमांजर राहत होतं. उदमांजर म्हणजे लांब शेपटीचा, टोकदार नाकाचा, झाडावर राहणारा प्राणी. तो दिवसा झोपतो, संध्याकाळी उठतो, फळं खातो आणि कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो. राणोजीची बायको तानूबाई. त्यांना तीन पिल्लं होती. पिल्लांचे डोळे अजून उघडायचे होते आणि नावंही ठेवायची होती.

दवंडी ऐकून तानूबाईनं विचारलं, "अहो, तुमच्या पणजोबांचं नाव काय?"

"पणजोबा," राणोजी म्हणाला.

"ते नातं झालं. नाव काय?"

राणोजी बराच वेळ शेपूट चाटत राहिला. "नाव असणारच गं. पण त्यांना नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही."

उंबराच्या मुळाशी साळूबाई नावाची एक म्हातारी साळिंदर बीळ करून राहायची. तिनं खालूनच आवाज दिला. "राणोजीभाऊ, मला विचाराल तर मला आई होती. तिच्या पाठीला काटे होते. माझ्याही आहेत. मला एवढं पुरतं."

"तुम्हाला पुरून काय उपयोग साळूबाई? त्यांना पुरायला पाहिजे ना."

"मग त्यांनी जास्त खावं," साळूबाई म्हणाली आणि बिळात गेली.

दुसऱ्या दिवशी राणोजी दफ्तरखान्यात गेला. बिचाऱ्याची झोपेची वेळ होती. पण दफ्तरखाना दिवसाच उघडा असतो आणि ज्याला काम आहे त्यानं झोपायचं नसतं, हे जंगलातही असंच आहे.

दफ्तरखाना होता एका हिरड्याच्या पोकळ खोडात. दफ्तर सांभाळायला होत्या घोरपडबाई. घोरपड एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तर त्यांना ते काम दिलेलं होतं. जंगलातले सगळे जन्ममृत्यू, सगळी घराणी सागाच्या वाळलेल्या पानांवर लिहून तीन फळ्यांवर रचून ठेवलेली होती.

"बाई, उदमांजरांची जुनी पानं बघायची आहेत," राणोजी म्हणाला.

"बघा की," घोरपडबाई म्हणाल्या. "खालच्या फळीवरची मोठ्या पुरात गेली. वरच्या फळीवर खारीनं बाळंतपण केलं, तेव्हा ती तिनं अंथरुणाला घेतली. मधली आहे. तिला वाळवी लागलीय."

"मग शिल्लक काय आहे?"

"वाळवीला आवडलं नाही ते."

राणोजी मधल्या फळीपाशी बसला. पानं हातात धरली की त्यांचा भुगा व्हायचा. एका पानावर नुसताच 'याचा मुलगा' एवढा मजकूर होता. कोण, कुणाचा, ते पोटात गेलेलं. दुसऱ्यावर 'मयत' एवढा एकच शब्द शाबूत होता. तिसऱ्या दिवशी त्याला एक बरं पान सापडलं. त्याच्या ओळीच्या सुरुवातीलाच भोक होतं आणि भोकानंतर लिहिलं होतं '—मांजर, मोठं घराणं, जुनं.'

राणोजीचा जीव हरखला. "बाई! हे आमचं!"

"थांबा," घोरपडबाई म्हणाल्या. "'मांजर' दिसतंय. त्याच्या आधीचं खाल्लंय."

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? तासाभरात रानमांजर आलं. मागोमाग अंगाचं पाणी झाडत पाणमांजर आलं.

"हे रानमांजर आहे. जुनं घराणं आमचंच," रानमांजर म्हणालं.

"भोकाजवळ ओल आहे, बघा. ओल कुणाची असणार?" पाणमांजर म्हणालं.

"ओल पुराची आहे!" राणोजी म्हणाला.

"मग पुरात कोण राहतं?" पाणमांजरानं विचारलं.

तिघांनी पान तीन बाजूंनी धरलं. पुढे काय झालं ते सांगायला नको. घोरपडबाईंनी तुकडे गोळा केले, एका द्रोणात ठेवले आणि वर चिठ्ठी लावली, 'वादग्रस्त.'

इकडे जंगलात वेगळाच उद्योग सुरू झाला होता. जांभळीवरच्या कावळ्यानं फांदीला पाटी लटकवली, 'पूर्वज शोधून मिळतील.' कावळे पितरांच्या जेवणाला दरवर्षी हजर असतात, म्हणून सगळ्यांचे पितर त्यांच्या ओळखीचे असतात, असं या कावळ्याचं म्हणणं होतं. खाली रांग लागली.

तानूबाईनं राणोजीला ढकलून पाठवलं.

"कसा हवाय?" कावळ्यानं विचारलं. "साधा की पराक्रमी?"

"माझा हवाय," राणोजी म्हणाला.

"तो मिळाला असता तर इथं आला असतास का? हे घे. तुझे पणजोबा बांबूच्या लढाईत पडले. सात दिवस सात रात्री डोळ्याला डोळा न लावता लढले."

राणोजीला तो पणजोबा तसा आवडला होता. घेऊनही टाकला असता. पण सात दिवसांपाशी तो अडला.

"दिवसा झोपले नाहीत?"

"क्षणभरसुद्धा नाही."

"मग ते आमच्यातले नव्हेत," राणोजी म्हणाला आणि परत फिरला. खरं सांगायचं तर अर्ध्या वाटेवर त्याला पश्चात्ताप झाला. पण तोपर्यंत रांग फार वाढली होती.

तो पुन्हा घोरपडबाईंकडे गेला. आता पळसाला कळ्या धरल्या होत्या. राणोजी दारातच बसला. मान खाली घालून डुलक्या देत राहिला.

घोरपडबाईंचं काळीज काही त्यांच्या कातड्याइतकं जाड नव्हतं. त्या म्हणाल्या, "एक वही आहे. पण ती कुणी मागत नाही."

"कुठली?"

"आल्यागेल्यांची. बाहेरून कोण आलं, कुठून आलं आणि त्याच्यासाठी जामीन कोण राहिलं, ते तीत आहे. तुमचे पणजोबा कुणाला कधी जामीन राहिले असले तर नाव मिळेल."

ती वही कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली होती, म्हणून तिच्याकडे वाळवी फिरकली नव्हती. आणि तीत बाहेरून आलेल्यांची नावं होती, म्हणून दुसरंही कुणी फिरकलं नव्हतं. पानन् पान नव्यासारखं करकरीत होतं.

राणोजी वाचायला लागला. 'रानडुक्कर, सहकुटुंब. उसाच्या फडातून हाकललेले.' 'हरणं अकरा. दुष्काळात आली, पाऊस पडल्यावर जातो म्हणाली, गेली नाहीत.' 'तरस एक. पलीकडच्या रानातून काढलेलं. कारण, मयताच्या घरी हसलं.' 'साळिंदर, मादी. कुठून आली सांगत नाही.'

चार दिवस तो वाचत होता. मग त्यानं डोळे चोळले.

"बाई, यात तर सगळेच आहेत!"

"हो."

"मग इथलं मूळचं कोण?"

घोरपडबाईंनी जरा विचार केला. "वाळवी," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी राणोजीला ते पान सापडलं. त्यावर असं लिहिलं होतं:

'सिंह एक, नर. सर्कशीतून पळून आला. उतारवय. दात दोन. येणारी कामं, पेटत्या कड्यातून उडी मारणे, शेपूट न भाजता. स्टुलावर बसणे. इतर काही येत नाही. आसरा मागतो. कुणी तयार नाही. जामीन दगडोजी उदमांजर, राहणार मोठा उंबर. जामिनानं आठ दिवस स्वतःच्या हातानं उंबरं खाऊ घातली.'

राणोजीनं आधी शेवटची ओळ वाचली. मग परत वाचली.

"दगडोजी," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्यानं म्हणाला, "दगडोजी!" किती वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती! जणू पलीकडच्या फांदीवरून आत्ता कुणीतरी 'ओ' देईल, असं त्याला वाटलं.

मग त्यानं पहिल्या ओळी वाचल्या. आणि त्याची सगळी झोप उडाली.

तुम्ही विचाराल की सर्कशीतल्या त्या एकट्या सिंहाला पुढे सिंहीण कुठून मिळाली? ते पुढच्या वहीत होतं. ती वही पुरात गेली.

"बाई, मला एवढी शेवटची ओळ द्या. जामिनाची. वरचं नको," राणोजी म्हणाला.

"अर्धं पान देता येत नाही."

"इथं सगळी पानं अर्धीच आहेत की!"

"वाळवीनं अर्धं केलेलं चालतं. आपण केलेलं चालत नाही." घोरपडबाईंनी पान तोंडात धरलं. तसंच धरून त्या म्हणाल्या, "दरबाराच्या दिवशी मी स्वतः घेऊन येईन. दफ्तरातलं पान मी एकटं सोडत नाही."

राणोजी धापा टाकत घरी आला. तानूबाईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं आधी तीनपैकी एका पिल्लाला जवळ ओढलं, त्याचं डोकं चाटलं आणि म्हणाली, "याचं नाव दगडोजी." मग ती घाबरली.

"अहो, ते पान दाखवलंत तर महाराजांच्या दुपारच्या जेवणाला तुम्हीच असाल!"

"आणि नाही दाखवलं तर? डोळे न उघडलेली पिल्लं त्या बाभळीखाली ठेवायची?"

खाली साळूबाई आपलं बीळ झाडत होती. माळावर जायचं हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, तरी ती झाडत होती.

शेवटी तानूबाई म्हणाली, "आपल्या घरातलं कुणी असं सर्कशीतून आलं असतं आणि ते भर दरबारात मोठ्यानं वाचलं असतं, तर तुम्हाला चाललं असतं का?"

"नसतं."

"मग वाचू देऊ नका. त्यांचं आहे, त्यांच्या हातात द्या."

पळस फुलला. दरबार भरला.

एकेक प्राणी पुढे येऊन आपला पणजोबा सांगू लागला. सगळे पणजोबा शूर होते. सगळे बांबूच्या लढाईत पडलेले होते, कारण कावळ्याला एकच लढाई सुचली होती. आता लढाई म्हटली की दोन बाजू पाहिजेत. त्यामुळे त्यानं अर्धे पणजोबा या बाजूला घातले, अर्धे त्या बाजूला.

"माझे पणजोबा चितळाचं शिंग लागून पडले," ससा छाती काढून म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या चितळानं कान टवकारले. "माझ्या पणजोबांनी तेव्हा एका सशाला लोळवलं होतं म्हणे!"

"असं का?" ससा म्हणाला.

कालपर्यंत हे दोघं एकाच कुरणात चरत होते. त्या दिवसापासून ते एकमेकांकडे पाठ करून चरायला लागले. तरस मात्र प्रत्येकाला हसून "वा!" म्हणत होता आणि दाखला देत होता. त्याचे स्वतःचे पणजोबा तर त्या लढाईचे सेनापती होते.

मग साळूबाईची पाळी आली.

"पणजोबा?" तरसानं विचारलं.

"ठाऊक नाहीत."

"कावळ्याकडे गेली नाहीस?"

"गेले होते. तो म्हणाला, तुझे पणजोबा भाल्यासारखे सरळ होते. आमच्यात सगळे वाकूनच चालतात. मी म्हटलं, राहू दे."

"ही ही ही! माळ!" तरस म्हणाला.

साळूबाई वळली. चालताना तिच्या काट्यांचा खुळखुळ आवाज होत होता. तिच्या मागे आणखी आठदहा जण निघाले, ज्यांना काही सापडलं नव्हतं आणि काही रचताही आलं नव्हतं.

"राणोजी उदमांजर!" तरस ओरडला.

राणोजी पुढे झाला. मागून पान तोंडात धरून घोरपडबाई आल्या. तरसानं पान घ्यायला पंजा पुढे केला.

"प्रधानजींनी वाचू नये," राणोजी म्हणाला. "महाराजांनी स्वतः वाचावं. मनातल्या मनात."

"वा!" तरस सवयीनं म्हणाला, आणि मग त्याला राग आला.

सिंहानं मान हलवली. घोरपडबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदाच, धरलेलं सोडलं.

सिंहाला वाचायला वेळ लागायचा. तो एकेक अक्षर जोडत वाचत गेला. 'सर्कशीतून' या शब्दापाशी त्याची आयाळ ताठ झाली. 'दात दोन' पाशी त्यानं ओठ मिटून घेतले. राणोजीनं डोळे घट्ट मिटले आणि मनात तानूबाईला, तिन्ही पिल्लांना आणि नुकत्याच भेटलेल्या पणजोबांना नमस्कार केला.

डरकाळी आली नाही. राणोजीनं एक डोळा उघडला. सिंह खाली वाकला होता. त्याचं भलंमोठं तोंड राणोजीच्या कानाशी होतं.

"उडी..." सिंहानं अगदी हळू विचारलं, "उडी चांगली मारायचे का रे?"

राणोजीनं दुसराही डोळा उघडला. "शेपूट न भाजता, महाराज. तसं लिहिलंय."

"पेटत्या कड्यातून?"

"हो महाराज."

सिंहानं मान डोलावली. मग पुन्हा कुजबुजला, "आणि तुझ्या पणजोबांनी खाऊ घातलं?"

"आठ दिवस."

"माझ्या वडिलांनी मला हे कधी सांगितलं नाही," सिंह म्हणाला. ते तो राणोजीला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पानाची नीट घडी केली आणि ते गिळून टाकलं.

"महाराज!" घोरपडबाई किंचाळल्या. "दफ्तरातलं पान आहे ते!"

"दफ्तरी जमा झालं," सिंह मिशी पुसत मोठ्यानं म्हणाला. "आम्ही वाचलं. पुरावा पटला. उंबर राणोजीचाच."

घोरपडबाईंनी मुकाट्यानं नवं पान घेतलं आणि नोंद केली, 'मूळ पान महाराजांच्या पोटात. सुस्थितीत.'

सिंह पुन्हा राणोजीच्या कानाशी आला. "आणखी काय पाहिजे तुला? बोल. पण यापुढे बोलायचं नाही."

मुलांनो, इथं राणोजीला काहीही मागता आलं असतं. फणसाचं बन मागता आलं असतं. प्रधानकी मागता आली असती. पण दिवसभर जागून त्याचं डोकं भणभणत होतं आणि मोठं काही त्याला सुचत नव्हतं. त्याला फक्त लांब जाणाऱ्या काट्यांचा खुळखुळ ऐकू येत होता.

"ज्यांचं पान सापडलं नाही," तो म्हणाला, "त्यांचा जामीन मी राहतो."

"सगळ्यांचा?"

"आमच्या घरात तशी पद्धत होती, असं कळलंय."

सिंहानं सुस्कारा सोडला. मग सरळ उभं राहून त्यानं हुकूम केला, "माळावर निघालेल्यांना परत बोलवा."

"ही ही... का?" तरसानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हसू अर्ध्यावर थांबवावं लागलं.

"आम्ही म्हणतो म्हणून."

साळूबाई परत आली. उंबराखाली थांबून तिनं वर पाहिलं. "राणोजीभाऊ, माझ्यासाठी जामीन राहिलात म्हणे. मी कुठून आले, तेही तुम्हाला माहीत नाही."

"तुम्हाला तरी कुठं माहीत आहे?" राणोजी म्हणाला.

"तेही खरंच," साळूबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा बीळ झाडायला घेतलं.

ज्यांना दाखले मिळाले होते, ते पुढे या परत आलेल्यांशी जरा तुटकच वागायचे. "ते जामिनावरचे," असं म्हणायचे. "आमच्यासारखे लढाईतले नव्हेत." जामिनावरच्यांना मात्र एकमेकांशी भांडायला कारण नव्हतं. त्यांचे पणजोबा एकमेकांना मारून मेलेले नव्हते.

आठवड्याभरानं सिंहानं कावळ्याला बोलावून घेतलं. बराच वेळ दोघांचं काहीतरी चाललं होतं. मग दरबारामागच्या कातळावर कावळ्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'महाराजांचे पणजोबा धगधगत्या ज्वाळांतून झेप घेऊन या भूमीवर आले. शेपटीचा केससुद्धा जळला नाही. मग ते आसनावर बसले.'

आता यात एक तरी शब्द खोटा आहे का? मला सांगा. मी तर शोधून दमलो.

वाघ पाहुणा म्हणून आला तेव्हा सिंहानं त्याला तो कातळ दाखवला. वाघानं तो दोनदा वाचला. त्याच्याकडे चार पिढ्यांचे ओरखडे होते, सगळे खरे, सगळे शाबूत. पण त्यातला एकही ज्वाळांतून आलेला नव्हता.

"आमचे पणजोबा चालत आले," वाघ खाली मान घालून म्हणाला.

"असतं एकेकाचं," सिंह समजुतीनं म्हणाला.

त्यानंतर एका संध्याकाळी राणोजी झोपेतून उठला, आळस देत उंबराच्या शेंड्यावर गेला आणि टेकडीपलीकडे पाहू लागला. तिथं कुणी जात नसे. त्या मोकळ्या जागेत दोन झाडांमध्ये गुळवेलीचं एक मोठं कडं बांधलेलं होतं. समोर सिंह उभा होता. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, अंग आखडलं, धावत आला आणि उडी मारली. डोकं पार झालं. पोट अडकलं. सिंह कड्यासकट खाली पडला, उठला, वेल पुन्हा बांधली आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.

"काय बघताय हो?" खालून तानूबाईनं विचारलं.

"काही नाही," राणोजी म्हणाला. "एकजण शिकतोय."

"जमतंय का?"

राणोजीनं पुन्हा तिकडे पाहिलं. सिंह धावत येत होता.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण रक्तातच आहे. जमेल."

तात्पर्य: ज्याचं दफ्तर शाबूत, त्याचे पूर्वज चालत आलेले असतात. ज्याच्या दफ्तराला भोकं पडली, त्याचे पूर्वज ज्वाळांतून येतात. तेव्हा मुलांनो, घरातले जुने कागद जपून ठेवावेत की नाही, हे ज्यानं त्यानं आपापल्या कुळाचा अंदाज घेऊन ठरवावं.